तुझं आधी उरकून घेते

मी घर सोडलं त्या सकाळीही आईनं माझी वेणी आधी घातली आणि वैशूची मग. दारात सुमो येऊन उभी होती. ड्रायव्हरचा चहा पिऊन झाला होता. पप्पा बॅगांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या नीट चिकटल्यात का ते तिसऱ्यांदा बघत होते. आणि आई मला मागच्या ओट्यावरच्या लाकडी स्टुलाकडे ढकलत म्हणाली, "चल वंदे, तुझं आधी उरकून घेते."

दोन हजार एक सालचा जानेवारी होता. लग्नाला तीन महिने झाले होते. नवरा नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतली नोकरी सोडून आधीच अमेरिकेला गेला होता, अटलांटाला, आणि त्या दिवशी मी निघाले होते. परत कधी येणं होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी आईचं माझ्या डोक्याशी असलेलं काम रोज जेवढ्या वेळात व्हायचं तेवढ्याच वेळात झालं. खोबरेल तेल थापलं, फणी मुळापासून खाली ओढली, मी "आई गं" म्हणाले, ती "हलू नको" म्हणाली, आणि घट्ट वेणी घालून तिनं रबर लावलं. "प्रवासात गुंता नको," एवढंच वर बोलली.

मग माझी धाकटी बहीण वैशू स्टुलावर बसली. तिची वेणी अर्धी झाली होती तेवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला आणि सगळे तसेच पुढच्या दारात आले. पप्पा म्हणाले, "पोचलीस की फोन कर, पत्राच्या भानगडीत पडू नको." गाडी वळताना मी मागे पाहिलं. आईच्या हातात अजून फणी होती आणि वैशूच्या खांद्यावर ती अर्धी, मऊ, सुटत आलेली वेणी. मी ढसाढसा रडले. मला सोडायला निघालेल्या, शेजारी बसलेल्या काकांना वाटलं, पोरीला घर सुटतंय. घर सुटत होतंच. पण मला दिसत होतं की आता आई आत जाईल आणि ती वेणी सावकाश पुरी करेल. मी जळत होते.

मत्सर म्हटलं की कीर्तनातलं वाटतं, म्हणून मी हेवा म्हणते. पण जे होतं ते बरंच जुनं होतं आणि अजिबात सौम्य नव्हतं.

आमचं घर म्हणजे नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीतलं दोन खोल्यांचं क्वार्टर. पप्पा तिथं ऑपरेटर, तीन पाळ्यांचं काम. कॉलनीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे केस कधी धुवायचे हे वार बघून नाही, वारा बघून ठरायचं. धुराड्यांकडून क्वार्टरांकडे वारा असला की बारीक राख पडायची. दोरीवरच्या कपड्यांवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, तुळशीच्या पानांवर. ओल्या केसांवर पडली की बसलीच. म्हणून रविवारी सकाळी आई मागच्या ओट्यावर यायची, मान वर करून धूर कुठं चाललाय ते बघायची आणि मग आम्हाला हाक मारायची.

हाक दोघींना असायची, पण पहिला नंबर माझा. कारण माझे केस कुरळे. नुसते लाटा असलेले नाहीत, चांगले बोटाभोवती गुंडाळल्यासारखे. आईच्या माहेरी असे कुणाचे नव्हते. पप्पांची सटाण्याची बहीण, आमची आत्या, हिचे होते. ती आली की माझ्या डोक्यावर हात फिरवून म्हणायची, "पोरना केस मनासारखा शेतस," म्हणजे पोरीचे केस माझ्यासारखे आहेत. त्या दिवशी आईकडून भांडी जरा जोरात घासली जायची. आई मला ओरडायची तेही केसांवरूनच. "केस वाकडे तशी बोलणीबी वाकडी." "झिपऱ्या आवर." "तुझ्या डोक्यात फणी घालायची म्हंजे भांडण काढायचं."

शिकेकाईनं धुऊन केस वाळले की ती मला गुडघ्यांत पकडायची आणि कोरड्या केसांत वरून खाली फणी ओढायची. पाच मिनिटं. डोळ्यांतून पाणी यायचं, फणीचा एखादा दात तुटायचा, आणि मी मोकळी. मग वैशू बसायची. तिचे केस सरळ, काळेभोर, कमरेपर्यंत. आई तिच्या डोक्यात तेल जिरवायची तेव्हा बोलायला लागायची. आईच्या माहेरचा मखमलाबादकडचा फुलांचा मळा, लहानपणी पहाटे उठून केलेली तोडणी, कोणत्या मावशीला कोण बघायला आलं होतं, सगळं. अर्धा तास, पाऊण तास. मी ओट्याच्या कडेला अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसायचे आणि एक पान उलटायचे नाही. ज्या गोष्टी तिला वैशूच्या डोक्यावर हात ठेवून आठवायच्या, त्या माझं डोकं हातात असताना एकदाही आठवल्या नाहीत.

उन्हाळ्यात मामा फुलबाजारातून परतताना वाकडी वाट करून मोगऱ्याच्या कळ्या द्यायला यायचा. केळीच्या पानात, वर ओलं फडकं. आई त्या परातीत पसरायची, पाणी शिंपडायची, हलक्या हातानं गजरा गुंफायची. "फूल ओलं हाय तवर काय करायचं ते करून घ्यावं," ती सांगायची. "सुकताना हात लावू नये. डाग पडतो." गजरा वैशूच्या वेणीवर असा बसायचा की कॉलनीतल्या बायका वळून बघायच्या. माझ्या केसांत तो रुतायचा आणि काढताना केसांसकट निघायचा, म्हणून पुढे पुढे आईनं माझ्यासाठी गुंफणं सोडून दिलं. मला त्या कळ्यांचासुद्धा हेवा वाटायचा. त्यांना ती एवढं जपायची.

अकरावीत मी स्वतःचा इलाज करायचं ठरवलं. नाशिकरोडच्या कॉलेजात पहिल्यांदाच गणवेश नव्हता, दोन वेण्यांची सक्ती नव्हती. पप्पांच्या कपाटात केसांना लावायच्या पांढऱ्या क्रीमची बाटली असायची, लग्नाकार्यात तेवढी लावायची. मी त्यातली अर्धी बाटली कोरड्या केसांना चोपडली. आरशात केस चमकत होते, बसले होते, मला वाटलं जमलं. पण धूर कुठं चाललाय ते बघायचं विसरले. बसची वाट बघत पाऊण तास स्टॉपवर उभी राहिले, आणि वारा आमच्याच बाजूनं. कॉलेजात पोचले तर वर्गातली एक मुलगी म्हणाली, "अगं, तुझे केस पिकलेत." पांढरी राख त्या चिकट क्रीमवर जाऊन बसली होती, केसागणिक. संध्याकाळी आईनं दोनदा शिकेकाई घातली तरी गेली नाही. वैशू दारात उभी राहून पोट धरून हसत होती. तिची वेणी पाठीवर हलत होती. तेवढी राख तिच्यावर पडली असती तरी झटकून गेली असती.

अटलांटात राख नव्हती. काहीच नव्हतं. अपार्टमेंट, पार्किंग लॉट, आणि डिपेंडंट व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या मागे यायचं पण नोकरी करायची नाही. गाडी चालवता येत नव्हती. नवरा सकाळी आठला जायचा. मी खोबरेल तेलाच्या दोन बाटल्या नेल्या होत्या, त्या थंडीनं गोठून पांढऱ्या झाल्या, मी त्या हीटरजवळ ठेवून पातळ करायचे आणि आईसारखीच फणी ओढायचे. जे बाहेर गेले त्यांना माहीत असेल, पहिल्या वर्षी माणूस घरच्या वाईट सवयीसुद्धा जपून वापरतो.

आमच्या बिल्डिंगच्या तळाशी कपडे धुवायच्या मशीनची खोली होती. तिथं मला डेलोरिस भेटली. काळी, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. ती एका सलूनमध्ये केसांचं काम करायची. तिनं दोन-तीन वेळा माझ्या डोक्याकडे निरखून पाहिलं आणि एक दिवस सरळ विचारलं, "हे तुझ्या केसांचं कुणी केलं?"

"माझ्या आईनं," मी म्हणाले.

"का? रागावली होती का तुझ्यावर?"

तिनं ते सहज विचारलं होतं. मशीन थांबलं, मी कपडे काढून घड्या घालायला लागले.

पुढच्या सोमवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, तिनं मला वर बोलावलं आणि सिंकपाशी उभं केलं. ती काय करतेय ते मोठ्यानं सांगत होती, मी शिकावं म्हणून. आधी कंडिशनर, तोही कंजूषपणा न करता. तो लावलेला असतानाच गुंता सोडवायचा, बोटांनी, आणि टोकांकडून वर यायचं, मुळाकडून खाली कधीच नाही. मग तो धुऊन, केस निथळत असतानाच, लीव्ह-इन नावाचं, न धुता ठेवायचं पातळ क्रीम. त्यावर जेल, चार भाग करून, दोन्ही तळव्यांत बट धरून वरून खाली हलकं सारवायचं. मग डोकं पुढे करून केस खालून मुठीत धरून वर दाबायचे. टॉवेल नाही, जुना टी-शर्ट. आणि त्यानंतर हात लावायचा नाही. पूर्ण वाळेपर्यंत एकदाही नाही. "ओले असताना काय करायचं ते करून घे," ती म्हणाली. "वाळताना बोट लावलंस तर बघ."

मला परातीतला मोगरा आठवला. म्हणजे आईला हे येत होतं. फक्त फुलांसाठी.

केस वाळले तेव्हा प्रत्येक बट कुरडईसारखी कडक झाली होती. मी घाबरले. डेलोरिसनं हाताला दोन थेंब तेल चोळून ते सगळं हळूहळू चुरलं आणि कडकपणा गेला. राहिले ते माझे केस. मोठे, मऊ, गोल गोल उतरलेले. मी बावीस वर्षांची होते आणि ते पहिल्यांदा बघत होते. घरी जाऊन स्वतः करायला गेले तेव्हा मात्र हातानं आपलं काम केलं. आधी खोबरेल तेल थापलं, मग वर जेल. आपल्या बायकांना तेलाशिवाय डोक्याला काही लावता येतच नाही. जेल तेलावर बसेना, त्याच्या पांढऱ्या गुठळ्या झाल्या आणि नवरा म्हणाला, "तुला केवढा कोंडा झालाय." मला एकदम बसस्टॉपवरची राख आठवली.

डेलोरिसची एक मुलगी होती, अकरा वर्षांची. तिच्या बारीक वेण्या घालायला डेलोरिसला चार तास लागायचे. पोरगी आईच्या गुडघ्यांत बसायची, टीव्ही बघायची, खायची, आणि कंटाळून जांभया द्यायची. डेलोरिस मध्येच तिच्या कपाळावर ओठ टेकवायची. मी समोर सोफ्यावर बसून चहा प्यायचे. परक्या देशात, परक्या घरात, एका अकरा वर्षांच्या पोरीचा मला एवढा हेवा वाटला की मी दोन आठवडे त्यांच्याकडे गेले नाही.

शनिवारी सकाळी मी घरी फोन करायचे. तिकडे संध्याकाळ असायची. आईशी बोलणं दोन मिनिटांत संपायचं, जेवलीस का, थंडी हाय का, बरं. मग वैशू घ्यायची. तिच्याजवळ सांगायला खूप असायचं. अंबडच्या कंपनीत लॅबमध्ये तिला नोकरी लागली, नाशिकरोडच्या जेल रोडवरच्या मुलाशी तिचं ठरलं, लग्न झालं, आणि सासर स्कुटीनं दहा मिनिटांवर म्हणून ती रोज आईकडे डोकावते. रोज. मी ते ऐकायचे आणि माझ्या केसांचा विषय काढायचे. लीव्ह-इन कसं लावतात, जेल कसं लावतात, डेलोरिस घरीसुद्धा जेल करते, जवस पाण्यात उकळून, गरम आहे तोवर गाळून. इथं सगळे कसं थांबवून विचारतात, तुझे केस खरे आहेत का. वैशू म्हणायची, "ताई, तुझं काय बाबा, मजा आहे." दुरून डोंगर साजरे, तिलाही आणि मलाही. आज कबूल करते, मी ते सगळं तिला जळवायला सांगत होते.

मधे एकदा नाशिकला येऊन गेले. मोकळे, नीट बसवलेले केस घेऊन उतरले. आईनं शेजारच्या काकूंना सांगितलं, "लांबून आली ना, विंचरायचं राह्यलंय."

मग दोन हजार पाचच्या सुरुवातीला पप्पांनी फोन केला, शनिवार नसताना. आईच्या छातीत गाठ निघाली होती. ऑपरेशन झालं, मग औषधाच्या त्या बाटल्या चढवणं सुरू झालं, दर तीन आठवड्यांनी. माझे ग्रीन कार्डचे कागद तेव्हा अशा जागी अडकले होते की बाहेर पडले तर आत येता येणार नाही, असं वकिलानं सांगितलं. कारण खरं होतं. खरं कारण असलं तरी माणसाला स्वतःची लाज वाटायची ती वाटतेच. वैशू तिला प्रत्येक वेळी घेऊन जात होती, उलटीचं भांडं धरत होती, आणि आईचे केस गळायला लागले तेव्हा वैशूनंच ते कापून काढले. हे तिनं मला फोनवर सांगितलं. मी रिसीव्हर ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि त्या रडण्यातसुद्धा एक बारीक आवाज होता की तिनं कापले, मी नाही. असल्या वेळीही मनात हे यावं याची मला किळस आली. पण आलं, ते आलं.

औषधं संपली. आई सुधारली. केस परत यायला लागले, आणि एका शनिवारी वैशू म्हणाली, "ताई, गंमत सांगू? आईचे केस कुरळे आलेत." डॉक्टर म्हणाले होते, होतं असं कधी कधी. आई म्हणे डोक्यावरचा पदर काढत नाही, आरशात बघत नाही.

लाज वाटते लिहायला, पण मला आनंद झाला. अख्ख्या घरात आता आईला लागेल असं काहीतरी फक्त मला येत होतं. दोन हजार सहाच्या मार्चमध्ये माझे कागद सुटले आणि मी तिकीट काढलं. बॅगेत साड्या नव्हत्या, बदाम नव्हते, सात बाटल्या होत्या. दोन कंडिशनर, दोन लीव्ह-इन, तीन प्रकारची जेल, वर मोठ्या दातांचा कंगवा. एक बाटली विमानात फुटली आणि माझे सगळे कपडे चिकट झाले, तरी मला काही वाटलं नाही. सगळ्या प्रवासात मी एकच दृश्य बघत होते. आई स्टुलावर, आणि मी मागे उभी.

दार आईनंच उघडलं. डोक्यावर पदर नव्हता. चार बोटं लांबीचे केस, बरेचसे पांढरे, आणि प्रत्येक बट सुटी, गोल, चमकणारी. हे आपोआप होत नाही. मला बघताक्षणी कळलं की हे कुणीतरी नीट बसवलेत.

"वैशू करती," आई म्हणाली. "रोज सकाळी येती कामावर जायच्या आधी."

दुसऱ्या दिवशी मी ते पाहिलं. वैशू स्कुटी लावून आली, फ्रिजमधून वाटी काढली, त्यात जवसाचं जेल होतं, जुन्या ओढणीतून गाळलेलं. कॅलेंडरच्या एका पानामागे तिनं सगळं लिहून भिंतीला लावलं होतं. ओले असतानाच. टोकाकडून वर. टॉवेल नाही. वाळताना हात नाही. माझे शब्द, माझ्याच क्रमानं, तिच्या गोल अक्षरात. मी तिला जळवायला सांगत होते तेव्हा ती पेन घेऊन बसली होती.

"पहिल्यांदा काय झालं सांगू का," आई म्हणाली आणि सांगायच्या आधीच हसायला लागली. "हिनं जवस भाजले."

"मग? जवस म्हटलं की आधी भाजायचे, हातानं आपोआप तवा ठेवला," वैशू म्हणाली. "भाजून मग उकळले. तपकिरी झालं. तरी म्हटलं वाया कशाला घालवा, लावलं."

"दिवसभर माझ्या डोक्याला चटणीचा वास. ह्यांनी येऊन इचारलं, आज भाकरीबरोबर जवसाची चटणी हाय का."

दोघी हसत होत्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं हसून. वैशूनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं. त्या हसण्याला कित्येक महिने झाले होते आणि मी त्यात नव्हते. मी दाखवायला हसले, आणि मग माझ्या तोंडून निघालं, "मजा आहे. माझे केस एवढी वर्षं ओढून काढले तेव्हा मात्र हे कुणाला सुचलं नाही."

वैशूनं वाटी धुऊन पालथी घातली आणि ती कामावर गेली. आई दूध बघायला आत गेली, जरी गॅसवर दूध नव्हतं. माझ्या उरलेल्या सहा बाटल्या कपाटात तशाच राहिल्या. तीन दिवस आम्ही भाजी काय करायची एवढंच बोललो.

मग रविवार आला. वैशू सकाळीच आली होती. आई मागच्या ओट्यावर गेली, तिनं मान वर करून धूर बघितला आणि हाक मारली. मी हातातलं ठेवून निघाले. सत्तावीस वर्षांची, अमेरिकेतून आलेली बाई, पण पाय सवयीनं त्या स्टुलाकडे गेले. माझं आधी असतं ना.

"तू थांब," आई म्हणाली. "वैशे, ये. तुझं आधी उरकून घेते."

वैशू बसली. तेल, फणी, वेणी, पाच मिनिटांत झालं. "अगं आई, नीट तरी घाल," ती कुरकुरली. "झाली की. ऊठ," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आण तुझ्या बाटल्या. कुठली आधी ते सांग."

मी बादलीवर वाकून केस भिजवले आणि निथळत तशीच स्टुलावर बसले. आईनं कंडिशनर लावला आणि फणी बाजूला ठेवून बोटं घातली. टोकांकडून. एक गुंता सुटला की दुसऱ्याकडे.

"माझे आले ना असे," ती मग म्हणाली, "तवा मी फणी घातली. तुझ्यात घालायचे तशी. वरनं खाली. लय दुखलं गं." बोटं थांबली, परत चालू झाली. "तवा तू डोळ्यापुढं आलीस. एवढं दुखत व्हतं तर तू कधी बोलली नाय."

"बोलायचे की. आई गं म्हणायचे."

"ते तर सगळेच म्हणतात." तिनं पुढची बट घेतली. "बोलली असती तरी ओढलेच असते मी. सकाळची घाई. आन् मला तुझ्या आत्याचं डोकं दिसायचं त्यात. दुखतंय का आता?"

"नाही," मी म्हणाले.

मग ती सांगायला लागली. मळ्यातली विहीर, पहाटेची तोडणी, मावशीला बघायला आलेला मनमाडचा रेल्वेतला मुलगा, ज्यानं नकार दिला आणि मग वर्षानं परत विचारायला आला. मला या सगळ्या गोष्टी पाठ होत्या. ओट्याच्या कडेला बसून ऐकलेल्या. माझ्या डोक्यावर हात ठेवून मात्र ती त्या पहिल्यांदा सांगत होती. वैशू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, पाच मिनिटांत घातलेली वेणी पुढे घेऊन, तिचं टोक बोटाभोवती गुंडाळत. ती आमच्याकडे बघत होती. ते बघणं मी ओळखलं. चांगलं ओळखीचं होतं. मी मोठी बहीण, मी तिला जवळ बोलवायला हवं होतं, वर्षभर तिनं जे केलं त्यासाठी तरी. मी बोलावलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. संध्याकाळी मी उरलेलं जेल तिच्या हातात ठेवलं, आईला रोज तीच लावणार म्हणून, आणि दोघींनी मिळून जवस उकळले, न भाजता.

आता मला कुणी विचारलं की घर कुठं, तर मी अटलांटाचा पत्ता सांगते. तिथं माझं गाडीचं लायसन्स आहे, तिथं मी लायब्ररीत नोकरी करते, आणि सोमवारी डेलोरिस अजूनही माझे केस बघून नाक मुरडते. तिकडे गेलेल्यांपैकी बरेच जण घर म्हणजे जेवण म्हणतात, कुणी भाषा म्हणतात. माझ्यासाठी एक लाकडी स्टूल आहे, एका मागच्या ओट्यावर, धूर दुसरीकडे वळलेला असताना. तिथं मी आयुष्यभर पहिल्या नंबरावर होते, आणि मला शेवटचा हवा होता.

त्या रविवारी ऊन ओट्यावरून सरकून भिंतीवर चढलं. आत पप्पांनी दोनदा जेवणाचं विचारलं. आईनं माझी एक बट तळव्यांत धरली, वरून खाली जेल सारवलं, सोडली आणि दुसरी घेतली. तिला घाई नव्हती.